दिल्लीचं पत्र आणि प्रेसमडची वही

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूर जिल्ह्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी दिवसाला पाच टन सीबीजी, म्हणजे शुद्ध करून दाबाखाली भरलेला बायोगॅस, तयार करायचा प्रकल्प उभारते आहे. कच्चा माल प्रेसमड, म्हणजे साखर कारखान्यात उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ, आणि शेण. सल्लागार म्हणतो, कार्बन क्रेडिट (कार्बन डायऑक्साइडचा एक टन वाचवला की एक, असं विकता येणारं प्रमाणपत्र) मिळतील, पण त्यासाठी 'दिल्लीची मंजुरी' काढावी लागेल, प्रकल्प शाश्वत विकासाला हातभार लावतो हे दाखवावं लागेल आणि क्रेडिटच्या उत्पन्नातले २ टक्के बाजूला ठेवावे लागतील. यातलं खरं किती, आणि 'शाश्वत विकास दाखवायचा' म्हणजे करायचं काय?

आधी सरळ उत्तर देतो. मंजुरी लागेल की नाही, हे तुम्ही क्रेडिट कुणाला विकणार यावर ठरतं. २ टक्के तुम्हाला लागू नाहीत. आणि शाश्वत विकासाचा भाग सल्लागार सांगतो आहे त्यापेक्षा बराच गंभीर आहे, जरी गेली वीस वर्षं आमच्या धंद्यात तोच सगळ्यात हलक्यात घेतला गेला. घेणाऱ्यांत मीही होतो.

मी या कामात २००४ च्या अखेरीस पडलो. तेव्हा सगळं क्योटो या जागतिक हवामान कराराच्या सीडीएमभोवती फिरायचं. सीडीएम म्हणजे क्लीन डेव्हलपमेंट मेकॅनिझम: विकसनशील देशातल्या प्रकल्पाने उत्सर्जन कमी करायचं आणि श्रीमंत देशाने त्याची क्रेडिट विकत घेऊन आपल्या हिशेबात लावायची. भारताने क्योटो करार ऑगस्ट २००२ मध्ये स्वीकारला, डिसेंबर २००३ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयात राष्ट्रीय सीडीएम प्राधिकरण नेमलं गेलं आणि फेब्रुवारी २००५ मध्ये करार जगभर अंमलात आला. प्राधिकरणाचे अध्यक्ष पर्यावरण सचिव. सोबत परराष्ट्र, अर्थ, ऊर्जा, अपारंपरिक ऊर्जा, उद्योग आणि नियोजन आयोग यांचे सचिव. कागदावर एवढं वजनदार मंडळ क्वचितच पाहायला मिळतं.

या मंडळाकडून मंजुरीचं जे पत्र मिळायचं त्यात मुद्द्याच्या गोष्टी फक्त तीन असायच्या. एक, भारताने क्योटो करार स्वीकारलेला आहे. दोन, प्रकल्पातला सहभाग स्वेच्छेचा आहे. तीन, हा प्रकल्प भारताच्या शाश्वत विकासाला मदत करतो. पहिली गोष्ट जगाला ठाऊक होती. दुसरी औपचारिक. देशाने स्वतःची अक्कल वापरून ठरवायची अशी एकच, ती तिसरी. २००१ मध्ये माराकेशला नियम ठरले तेव्हा विकसनशील देशांनी आग्रह धरला होता की शाश्वत विकास कशाला म्हणायचं हे बाहेरच्यांनी आम्हाला सांगू नये, ते आमचं आम्ही ठरवू. ते मान्यही झालं. म्हणजे उत्सर्जन किती कमी झालं याचा काटा जर्मनीत बॉनमधल्या सीडीएमच्या कार्यकारी मंडळाच्या हातात आणि माणसांचं भलं झालं का याचा काटा दिल्लीत. वाटणी चांगली होती. दिल्लीतल्या काट्यावर कुणी वजनं मात्र ठेवली नाहीत.

भारताने चार निकष सांगितले होते: सामाजिक, आर्थिक, पर्यावरणीय आणि तंत्रज्ञानविषयक कल्याण. सामाजिकमध्ये रोजगार, विषमता कमी होणं, मूलभूत सोयी. आर्थिकमध्ये लोकांच्या गरजेला धरून नवी गुंतवणूक. पर्यावरणीयमध्ये नैसर्गिक साधनांवर होणारा परिणाम, जैवविविधता, आरोग्य, प्रदूषण. तंत्रज्ञानात सुरक्षित आणि सरस तंत्रज्ञानाची आयात किंवा प्रसार. निकष वाईट नव्हते. पण किती रोजगार म्हणजे पुरे, साधनांची झीज किती झाली तर नापास, आणि पाच वर्षांनी कुणी येऊन बघणार का, यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. मोजमाप नसलेल्या निकषात सगळेच पास होतात.

आमची पद्धत सांगतो. पीसीएन म्हणजे संकल्पना टिपण आणि पीडीडी म्हणजे प्रकल्पाचा सविस्तर दस्तऐवज, यांच्या प्रत्येकी वीस प्रती आणि वर दोन सीडी. पुण्याहून निघताना त्या खोक्यांचं वजन आमच्या बॅगांपेक्षा जास्त असायचं. लोदी रोडच्या सीजीओ संकुलातल्या पर्यावरण भवनात सादरीकरण. निर्णय साठ दिवसांत अपेक्षित. सादरीकरणात प्रश्न यायचे ते बेसलाइनवर, म्हणजे प्रकल्प नसता तर किती उत्सर्जन झालं असतं यावर, आणि ॲडिशनॅलिटीवर, म्हणजे क्रेडिटचे पैसे नसते तर हा प्रकल्प झाला असता का यावर. चार कल्याणांची स्लाइड आली की खोलीतले लोक चहाकडे वळायचे. ती स्लाइड आमच्याकडे तयारच असायची. नाव बदललं की झालं. एकदा एका पवनचक्की प्रकल्पाच्या फायलीत 'बगॅसच्या योग्य विल्हेवाटीमुळे परिसर स्वच्छ राहील' हे वाक्य तसंच राहिलं होतं. आधीची फाइल साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीची होती, तिथून ते उतरलं. मंजुरीचं पत्र आलं तेव्हासुद्धा ते वाक्य फायलीत जागच्या जागी होतं. माझी चूक होती. ती कुणाच्या नजरेस पडली नाही, हे मला चुकीपेक्षा जास्त लागलं.

साताऱ्याकडच्या एका पठारावरची ग्रामसभा तर मी विसरणं शक्य नाही. प्रकल्पाआधी स्थानिक लोकांचं म्हणणं ऐकणं नियमाने बंधनकारक होतं. गावातले एक वयस्कर गृहस्थ उठले आणि म्हणाले, तुमच्या पंख्यांनी ढग पळवलेत, दोन वर्षं पाऊस नाही. ही समजूत त्या काळी साताऱ्यापासून धुळ्याच्या साक्रीपर्यंत सगळीकडे होती. शास्त्राच्या दृष्टीने तिच्यात तथ्य नव्हतं. पण त्यांच्या बोलण्याच्या पोटात दुसरंच होतं: पठारावरची गुरं चारायची जमीन गेली, रस्त्याच्या खोदाईत ओढ्याची वाट बदलली, आणि गावाला नोकऱ्या मिळाल्या त्या चार रखवालदारांच्या. मी इतिवृत्तात लिहिलं, 'पावसाविषयीच्या शंकेचं शास्त्रीय निरसन करण्यात आलं. ग्रामस्थांनी प्रकल्पाचं स्वागत केलं.' दोन्ही वाक्यं खोटी म्हणता येणार नाहीत. ओढा मात्र कुठेच आला नाही.

याचं टोक पाहायचं असेल तर सीडीएमच्या नोंदवहीतला पहिल्या क्रमांकाचा प्रकल्प बघा. तो भारतातला आहे: गुजरातमधल्या पंचमहाल जिल्ह्यात रणजितनगरला शीतकाच्या कारखान्यातून बाहेर पडणारा एचएफसी-२३ हा वायू जाळण्याचा. मार्च २००५ मध्ये त्याची नोंदणी झाली. या वायूची तापवण्याची ताकद तेव्हाच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या ११,७०० पट धरत. म्हणजे एक टन वायू जाळला की ११,७०० क्रेडिट. जाळायला खर्च किरकोळ, क्रेडिटचं उत्पन्न अफाट. वातावरणाला फायदा झाला, यात वाद नाही. पण आसपासच्या गावांच्या शाश्वत विकासाशी भट्टीत वायू जाळण्याचा संबंध जोडायचा तर बरीच कल्पनाशक्ती लागते. चीनने यावर व्यवहारी तोडगा काढला: मंजुरी द्यायची, पण एचएफसीच्या क्रेडिट उत्पन्नातला ६५ टक्के वाटा सरकारने घ्यायचा, नायट्रस ऑक्साइडला ३० टक्के आणि पवनऊर्जेसारख्या पसंतीच्या कामांना फक्त २ टक्के. म्हणजे त्यांच्या पत्रामागे किंमत होती. आपण बरीच वर्षं सगळ्यांना एकाच मापाने पत्रं दिली. पुढे युरोपीय संघाने मे २०१३ पासून या वायूची क्रेडिट घेणंच बंद केलं.

आता तुमच्या २ टक्क्यांकडे येतो, कारण या आकड्याचा घोळ मी अनेक ठिकाणी ऐकतो. हे २ टक्के एकाच नावाचे चार भाऊ आहेत. अतिगरीब देशांतले सोडून सीडीएमच्या प्रकल्पांच्या क्रेडिटमधून २ टक्के क्रेडिट संयुक्त राष्ट्रांच्या अनुकूलन निधीला, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घ्यायला गरीब देशांना मदत करणाऱ्या निधीला, आपोआप जायची, हा पहिला. भारतीय प्राधिकरणाने पुढे मोठ्या प्रकल्पांकडून हमीपत्र घ्यायला सुरुवात केली की क्रेडिटच्या उत्पन्नातले २ टक्के दरवर्षी स्थानिक समाजाच्या शाश्वत विकासावर खर्च करू; हा दुसरा, आणि तुमचा सल्लागार बहुधा याच्याबद्दलच बोलतो आहे. तो फक्त मोठ्या प्रकल्पांना होता. तुमचा प्रकल्प त्या मापात कधीच बसला नसता, आणि सीडीएमचं दार आता नव्या प्रकल्पांना बंद झाल्यात जमा आहे. तिसरा भाऊ कंपनी कायदा २०१३ मधल्या सीएसआरचा. तो नफ्यावर असतो आणि ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना लागतो. चौथा क्योटोनंतर आलेल्या पॅरिस कराराच्या कलम ६.४ मधला: तिथे ५ टक्के क्रेडिट अनुकूलन निधीला जातात आणि आणखी किमान २ टक्के कायमची रद्द होतात, कुणाच्याच हिशेबात न धरता. सल्लागाराला विचारा, यातला तुमचा कुठला? उत्तरावरून त्याची पारख होईल.

पॅरिस करारामुळे मंजुरीच्या पत्राचा अर्थच बदलला आहे. ही गोष्ट जमिनीच्या भाषेत पटकन समजते. क्योटोच्या काळात भारतावर उत्सर्जन कमी करायचं बंधन नव्हतं. देशाचा सातबारा कोरा होता, त्यामुळे इथली क्रेडिट जर्मनीला विकली काय किंवा जपानला, आपल्या उताऱ्यावरून काही कमी होत नव्हतं. दिल्लीचं पत्र म्हणजे ना-हरकत दाखला. ग्रामपंचायतीचा दाखला देताना सरपंच जेवढा विचार करतो तेवढाच विचार पुरत होता. पॅरिसनंतर प्रत्येक देशाने स्वतःचं उद्दिष्ट लिहून दिलं आहे. भारताने ऑगस्ट २०२२ मध्ये सुधारित उद्दिष्ट दिलं: २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत अर्थव्यवस्थेची उत्सर्जन तीव्रता, म्हणजे जीडीपीच्या दर रुपयामागचं उत्सर्जन, ४५ टक्क्यांनी कमी करायची. आता तुमच्या प्रकल्पाने कमी केलेला टन स्वित्झर्लंडला विकला, तर तो त्यांच्या खात्यात चढतो आणि आपल्या खात्यातून उतरतो. करारात याला 'करस्पाँडिंग ॲडजस्टमेंट' म्हणतात. मी शेतकऱ्यांना सांगताना 'फेरफार' म्हणतो आणि कुणालाही दुसऱ्यांदा समजावून सांगावं लागत नाही. फेरफार पडला की उतारा बदलला. त्यामुळे दिल्लीचं आजचं पत्र हे दाखला राहिलेलं नाही, ते हक्कसोडपत्र झालं आहे. आणि हक्कसोडपत्रावर सही करताना घरातली मोठी माणसं चष्मा लावून वाचतात.

म्हणूनच ३० मे २०२२ ला केंद्राने पॅरिस कराराच्या कलम ६ साठी, म्हणजे देशादेशांतल्या क्रेडिट व्यवहारांसाठी, वेगळं राष्ट्रीय नियुक्त प्राधिकरण नेमलं, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तेरा प्रकारच्या कामांची यादी जाहीर केली. परदेशाला क्रेडिट विकायची तर सध्या याच कामांतून. यादी सुरुवातीच्या तीन वर्षांसाठी म्हणून काढलेली आणि बदलता येण्याजोगी आहे; तेव्हा अर्ज करायच्या दिवशी चालू असलेली यादी हातात घ्या, माझ्या शब्दावर विसंबू नका. तीत काय आहे यापेक्षा काय नाही हे बोलकं आहे. साधी सौरऊर्जा नाही, जमिनीवरच्या पवनचक्क्या नाहीत. समुद्रातल्या पवनचक्क्या आहेत, साठवणुकीसह असलेली अक्षय ऊर्जा आहे आणि तीही साठवलेल्या भागापुरतीच. हरित हायड्रोजन, हरित अमोनिया, विमानाचं शाश्वत इंधन, कार्बन पकडून साठवणं, भरती-ओहोटीची ऊर्जा आहे. हिशेब उघड आहे: बांधावरची बोरं आपल्या पोरांना, शेंड्यावरची ज्याला हवीत त्याने शिडी आणून काढावीत. स्वस्तातली कपात विकून टाकली तर उद्या आपलं उद्दिष्ट गाठायला महागातली आपल्याच माथी येणार. सीडीएमच्या काळात हाच आक्षेप काही जण घेत होते, तेव्हा आम्ही त्यांना निराशावादी म्हणायचो.

तुमच्यासाठी चांगली बातमी अशी की त्या तेरांत सीबीजी आहे.

तेव्हा तुमच्यापुढे तीन वाटा. पहिली, स्वेच्छेच्या बाजारात, म्हणजे बंधन नसताना क्रेडिट घेणाऱ्या कंपन्यांना, व्हेरा किंवा गोल्ड स्टँडर्डसारख्या खासगी मानकाखाली नोंदणी करून क्रेडिट विकायची. इथे फेरफार नाही, त्यामुळे दिल्लीचं पत्र लागत नाही. भावही बेताचा. दुसरी, कलम ६ खाली दुसऱ्या देशाला किंवा कोर्सिया या आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या उत्सर्जन भरपाई योजनेखाली विमान कंपन्यांना विकायची. इथे पत्र लागतं, पत्राशिवाय काडी हलत नाही. जगातसुद्धा ही वाट अजून नवीच आहे: उद्दिष्टासाठी देशादेशांत झालेला पहिला व्यवहार थायलंड आणि स्वित्झर्लंड यांच्यात २०२३-२४ च्या हिवाळ्यात झाला, बँकॉकच्या इलेक्ट्रिक बसवर, आणि तो होता सगळा मिळून १,९१६ टनांचा. तिसरी वाट देशातली: जून २०२३ मध्ये अधिसूचित झालेली कार्बन क्रेडिट व्यापार योजना. तिचा कारभार ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो पाहतो, आणि डिसेंबर २०२३ च्या दुरुस्तीने बंधन नसलेल्यांनाही स्वतःहून प्रकल्प नोंदवायची सोय झाली. टाकाऊ पदार्थांची विल्हेवाट हे क्षेत्र तीत आहे. टन देशातच राहतो, म्हणून फेरफाराचा प्रश्न येत नाही. माझं मत विचाराल तर तुमच्या आकाराच्या प्रकल्पाने दुसऱ्या वाटेच्या नादी एकट्याने लागू नये.

कारण आकडे. दिवसाला पाच टन, वर्षात ३३० दिवस, म्हणजे १,६५० टन वायू. तो तेवढ्याच नैसर्गिक वायूची जागा घेतो असं धरलं, तर ढोबळ मानाने ४,५०० टन कार्बन डायऑक्साइड वाचला. प्रेसमड उघड्यावर कुजून मिथेन सुटायचा तो थांबला, हे सिद्ध करता आलं तर थोडी भर. समजा टनाला ५०० रुपये मिळाले, तर वर्षाला साडेबावीस लाख. त्यातून व्हॅलिडेटर (प्रकल्पाची कागदपत्रं तपासणारी त्रयस्थ संस्था), दरवर्षीची पडताळणी, नोंदणी शुल्क, सल्लागार. मोठ्या आकड्यांची स्वप्नं दाखवणाऱ्याला हा गुणाकार तुमच्यासमोर करायला लावा.

आणि ते ३३० दिवस? एक टन सीबीजीला साधारण २५ टन प्रेसमड लागतो. तुमच्या प्रकल्पाला नुसत्या प्रेसमडवर वर्षाला ४१,००० टन. उसाच्या वजनाच्या ३ ते ४ टक्के प्रेसमड निघतो, म्हणजे आठ लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याचा झाला २८,००० टनांच्या आसपास. एका कारखान्यावर भागत नाही. शिवाय पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, सहा-सात महिने साठवलेल्या मालावर काढायचे, आणि साठवलेला प्रेसमड तापतो, कुजतो, त्यातला वायू तुमच्या टाकीत यायच्या आधीच हवेत जातो. शेणाने किती भर पडेल ते गावोगाव फिरून मोजा. प्रकल्प अहवालातली जनावरांची संख्या पशुगणनेतली असते. जनावरं मात्र चारा छावणीच्या वर्षी विकलेली असतात.

आता गळती. टाकी, पाइप आणि टाकीतून बाहेर काढलेल्या रबडीचं, म्हणजे वायू निघाल्यावर उरलेल्या पातळ गाळाचं, तळं, या सगळ्यांतून मिळून २ टक्के वायू निसटला असं धरा. १,६५० टनांचे २ टक्के म्हणजे ३३ टन मिथेन. मिथेनची ताकद शंभर वर्षांच्या हिशेबाने २८ पट. म्हणजे ९२४ टन. साडेचार हजारांतला पाचवा हिस्सा दोन टक्क्यांच्या गळतीत गेला. रबडीचं तळं झाकायचा खर्च अंदाजपत्रकातून आधी कापला जातो, म्हणून हे सांगतो.

ॲडिशनॅलिटीचा प्रश्नही तुम्हाला येणारच. शहर गॅस वितरण कंपन्यांवर २०२५-२६ पासून सीबीजी मिसळायचं बंधन आलं आहे, १ टक्क्यापासून सुरू होऊन २०२८-२९ ला ५ टक्के. व्हॅलिडेटर विचारेल, कायद्यानेच मागणी तयार केली आहे तर क्रेडिटची गरज काय? उत्तर देता येतं, कारण बंधन विकत घेणाऱ्यावर आहे, तुमच्यावर नाही, आणि ठरलेल्या भावात तुमचं गणित बसत नाही हे ताळेबंदाने दाखवता येतं. पण त्याचबरोबर विक्री करार नीट वाचा. वायूबरोबर त्याचा 'हरित गुण'ही खरेदीदाराला दिला असेल, तर तोच टन तुम्ही पुन्हा विकू शकत नाही. एक म्हैस दोन बाजारात विकल्यासारखं होईल.

आता खरा मुद्दा, शाश्वत विकास. गेल्या वीस वर्षांच्या पश्चात्तापातून मी आता वेगळ्या रीतीने काम करतो. चार कल्याणांचे रकाने भरण्याआधी एकच प्रश्न विचारतो: हा प्रकल्प होण्याआधी ही वस्तू कुणाची होती?

प्रेसमड टाकाऊ आहे असं तुमच्या अहवालात पहिल्याच पानावर असेल. तो टाकाऊ कधीच नव्हता. वर्षानुवर्षं ऊस उत्पादक सभासद तो ट्रॉलीने नेऊन शेतात टाकत आले आहेत, फुकट किंवा नावापुरत्या पैशात. काही कारखाने तो आसवनीच्या सांडपाण्याबरोबर कुजवून कंपोस्ट करतात. सीबीजी प्रकल्प आले तसा त्याला भाव आला. कारखान्याच्या दृष्टीने हे उत्पन्न, पण कोरडवाहू टोकाचा दोन एकरवाला सभासद जो तीन ट्रॉल्या नेत होता, त्याचं खत गेलं. तुमची रबडी खत म्हणून परत त्याच्याच शेतात गेली तर वर्तुळ पुरं होतं. कदाचित त्याला अधिक चांगलं खत मिळतं, कारण टाकीतून निघालेल्या मालात नत्र टिकून असतो आणि कच्च्या प्रेसमडसारखा तो पिकाच्या मुळाशी तापत नाही. पण ते खत त्याला मिळणार का, कुठल्या भावाने, आणि रबडीची वाहतूक कोण करणार? दहा किलोमीटरच्या पुढे पातळ रबडी नेणं म्हणजे डिझेल जाळून पाणी वाहणं आहे. या प्रश्नांची उत्तरं हाच तुमचा शाश्वत विकास. बाकी रकाने यातून आपोआप भरतात.

शेणाचंही तसंच. ते गोठ्यात असतं तोवर बाईचं असतं. गोवऱ्या थापून चूल पेटते, नाहीतर उकिरड्यावर जाऊन शेताला मिळतं. कंपनी किलोने शेण विकत घेऊ लागली की पैसे बँकेत ज्याचं खातं आहे त्याला जातात. खातं बहुतेक घरांत पुरुषाचं. मग चुलीला काय? गॅस सिलिंडर भरायला तेच शेणाचे पैसे तिच्या हातात येतात का? मी एका ठिकाणी हा प्रश्न विचारला तेव्हा संचालक मंडळात शांतता पसरली. नंतर त्यांनी ठराव केला की शेणाचे पैसे गोठा सांभाळणाऱ्या बाईच्या खात्यात जमा करायचे. ठरावाची प्रत दस्तऐवजाला जोडली. एवढा ठोस पुरावा मी सीडीएमच्या सगळ्या वर्षांत कुठल्याही फायलीला जोडला नव्हता.

पुरावा म्हणजे मोजता येईल आणि नंतर तपासता येईल असं काहीतरी. 'रोजगारनिर्मिती होईल' असं लिहू नका. किती कायम, किती हंगामी, कुठल्या गावचे, कुठल्या पगाराला, हे लिहा, आणि पाच असतील तर पाच लिहा. पाच टनांच्या प्रकल्पाने शंभर नोकऱ्या दिल्या असं कागदावर दिसलं की वाचणारा पुढची सगळी पानं संशयाने वाचतो. तोटाही लिहा. वास येईल, ट्रॉल्यांची वर्दळ वाढेल, प्रकल्पाला पाणी लागेल. सोलापूरला पाण्याचा उल्लेख टाळलेला अर्ज तर वाचूच नये. तोटा आणि त्यावरचा उपाय शेजारी शेजारी मांडलेला अर्ज अधिकाऱ्याला सही करायला सोपा जातो. ज्याच्या फायलीत काहीच वाईट नाही, त्याच्या फायलीवर सही करताना हात अडखळतो. निदान आता अडखळायला हवा, कारण सहीमागे फेरफार आहे.

ग्रामसभेचं इतिवृत्त स्वतः लिहू नका. ग्रामसेवकाला लिहू द्या, लोकांच्या शब्दांत. कुणी ढग पळवल्याचं म्हणालं तर तेही. त्याखाली तुम्ही शोधून काढलेला ओढा लिहा.

काही बारीक गोष्टी, ज्यांच्यावरून फायली अडतात. प्रकल्पाचं शीर्षक सगळीकडे अक्षरशः एक हवं. माझी एक फाइल तीन महिने लटकली कारण पत्रात गावाचं नाव होतं आणि दस्तऐवजाच्या शीर्षकात तालुक्याचं. कंपनीचं नाव नोंदणी प्रमाणपत्रावर आहे तसंच, 'प्रा. लि.' की 'लिमिटेड' इथपर्यंत. क्रेडिटचा विचार यंत्रसामग्रीची ऑर्डर देण्याआधी झाला होता, हे दाखवणारा संचालक मंडळाचा तारखेचा ठराव हवा. सीडीएममध्ये २ ऑगस्ट २००८ नंतर सुरू झालेल्या प्रकल्पांना सुरुवातीपासून सहा महिन्यांत लेखी सूचना द्यावी लागे, आणि तो नियम न पाळल्यामुळे चांगले प्रकल्प बाद झालेले मी पाहिले आहेत. आज तुम्ही कुठल्याही वाटेने जा, व्हॅलिडेटर हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात विचारतोच. टाकीची आगाऊ रक्कम दिली असेल तर ती तारीख आणि ठरावाची तारीख आजच ताडून पाहा.

भावाबद्दल एक शब्द, कारण तुमच्या कंपनीचे सभासद विचारतील. २००८ मध्ये सीडीएमच्या क्रेडिटला २० युरोंच्या वर भाव होता, २०१२ सरता सरता तो एका युरोच्या खाली आला. युरोपने २०१२ नंतर नोंदवलेल्या प्रकल्पांपैकी फक्त अतिगरीब देशांतल्यांची क्रेडिट घ्यायचं ठरवलं, आणि आपल्याकडची मंजुरीची पत्रं कपाटात राहिली. ज्यांनी कर्जाचा हप्ता क्रेडिटवर धरला होता ते बुडाले. ज्यांनी ते दिवाळीच्या बोनससारखं धरलं होतं ते आजही वीज विकत आहेत.

तेव्हा यंदा मोळी पडायच्या आत एक काम करा. कारखान्याच्या काट्यावर जा आणि गेल्या तीन हंगामांतली प्रेसमड उचलल्याची वही मागा: कुणी, किती ट्रॉल्या, कुठल्या गावाला. काही कारखान्यांत ती संगणकावर असते, काही ठिकाणी अजून जाड पुठ्ठ्याच्या वहीत असते आणि हंगाम संपला की कुठल्यातरी खोलीत पडते. तिची छायाप्रत काढून त्यातल्या वीस-पंचवीस शेतकऱ्यांना भेटा. ती वही मिळाली की मला कळवा, मग दिल्लीचं पत्र काढायचं की नाही ते आपण बोलू.